भरती बघा, मग पक्षी बघा : चोडण-दिवाडीच्या हिवाळी पक्ष्यांबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळीचे कंदील उतरले की या सदराकडे येणारे प्रश्न एकदम बदलतात. पावसात "अंगणात कोणीतरी ओरडतंय, कोण असेल" असे प्रश्न असतात, आणि आता "गोव्याला येतोय, बीच बघून झालेत, पक्षी कुठे बघू" असे. यावेळी ढीगभर प्रश्न मांडवी नदीतल्या बेटांबद्दल आलेत, चोडण आणि दिवाडी, म्हणून बरंचसं सदर त्यांनाच देतेय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे चौघं गोव्याला येतोय. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जायचंय, पण ऑफिसमधले दोघं जाऊन आले आणि म्हणाले, काही नाही तिथे, नुसती झाडं आणि डास. खरंच काही दिसत नाही का? किती वाजता जावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या ऑफिसवाल्यांना विचारा, किती वाजता गेला होता आणि तेव्हा भरती होती की ओहोटी. पहिल्याचं उत्तर बहुतेक "नाश्ता करून अकराला" असं येईल आणि दुसऱ्याचं येणारच नाही. आणि बेटावर तर सगळं दुसऱ्या प्रश्नावरच असतं.

अभयारण्य तसं छोटंसं आहे, चोडणच्या पश्चिम टोकाला, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, 1988 मध्ये जाहीर झालं, आणि जवळपास सगळं खारफुटीचं आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलात की चालत जाण्याइतकं जवळ. पण खारफुटी म्हणजे दाट, आणि भर भरतीला तिथे मुळांपर्यंत पाणी चढलेलं असतं, चिखल दिसतच नाही. चिखल नाही तर चिखलात खाणारे पक्षी नाहीत, तुताऱ्या नाहीत, चिखल्या नाहीत, टिलवे नाहीत. ते सगळे त्या वेळी दुसरीकडे जाऊन बसलेले असतात, खाजनात म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, बांधावर, मिठागरात, आणि पाणी उतरायची वाट बघत असतात. पाणी उतरायला लागलं की तासा-दीड तासात चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मग बघा, कुठून कुठून थवे येतात. ओहोटी अगदी पूर्ण लागली की परत पांगतात, लांब लांब जातात, दुर्बिणीतूनही ठिपके. म्हणजे खरी मजा भरती उलटल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत, किंवा मग भरती चढत असताना शेवटच्या दोन तासांत, तेव्हा पाणीच पक्ष्यांना ढकलत ढकलत तुमच्याकडे आणतं.

आता वेळ कशी काढायची. मोबाईलवर मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक मिळतं ते बघा, पण कोकणातल्या लोकांना जो हिशोब लहानपणापासून माहीत असतो तो पण सांगते, कॅलेंडर भिंतीवर असलं की झालं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. हा मुंबई-रायगडचा हिशोब झाला, गोव्यात भरती तासभर आधी धरा. आणि अंदाज तो अंदाजच, अर्धा तास इकडेतिकडे होणारच.

यातून काय निघतं? एकादशी-द्वादशीच्या आसपास चोडणला सकाळी सात-आठला भरती येते. म्हणजे उजाडताना पक्षी खाजनात गोळा झालेले, ऊन कोवळं, आणि आठनंतर पाणी उतरायला लागलं की काठावर हजर. अशा दिवशी पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी पकडा. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती दहा-अकराच्या दरम्यान, तेव्हा वनखात्याच्या होडीतून खारफुटीच्या आतल्या नाल्यांत जाता येतं का ते विचारा, कारण पाणी कमी असलं की होडी आत जातच नाही. होडीत बसून तुताऱ्या दिसणार नाहीत, पण खंड्याच्या जाती दिसतील. त्यातला काळ्या डोक्याचा, जांभळट निळ्या पाठीचा, लालभडक चोचीचा खंड्या हिवाळ्यात मुद्दाम बघण्यासारखा आहे. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर बसतो, होडी जवळ आली की पुढच्या फांदीवर, परत जवळ आली की त्याच्या पुढच्या, असं बराच वेळ तुमच्या पुढे पुढे जात राहतो.

मुलं बरोबर असतील तर ओहोटीला लाकडी वाटेवरून खाली बघायला सांगा. चिखलावर उड्या मारणारे मासे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे, यातच त्यांचा एक तास जाईल आणि तोवर तुम्ही पक्षी बघा.

प्रश्न : हे पक्षी नेमके कधी येतात आणि कधी जातात? फक्त जानेवारीतच असतात का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : नाही हो, खूप आधी सुरू होतं. छोटी तुतारी, शेपूट सारखी वरखाली करणारी, ती तर ऑगस्टमध्येच येते, गणपतीच्या आधी, कधी कधी भर पावसात नदीकाठी एकटीच फिरताना दिसते. मग धोबी पक्षी, मग नवरात्राच्या आसपास माळभिंगऱ्या विजेच्या तारांवर रांगेने. बदकं उशिरा, दिवाळीनंतर, तलवार बदक, थापट्या, भुवई बदक. दलदलीवरचे भोवत्ये त्याच सुमाराला. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळे एकत्र मिळतात म्हणून लोक तेव्हा येतात. शिगम्यापर्यंत बदकं गेलेली असतात, सीगल म्हणजे आपले कुरव मार्चमध्येही असतात, आणि एप्रिलमध्ये राहिलेल्या चिखल्यांचा रंग बदललेला दिसतो, छातीवर तांबूस पट्टा येतो. तो रंग बघायचा असेल तर मार्चअखेर या, गर्दीही नसते.

कोकण रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशनला उतरा. तळं स्टेशनला लागूनच आहे, अडई आणि बाकीची बदकं तिथे, जुने गोवे जवळ, आणि तिथून दिवाडीची फेरी. एका सकाळीत गोडं पाणी आणि खारं पाणी दोन्ही होतं.

प्रश्न : आम्ही मांडव्याच्या बोटीने नेहमी जातो. हिवाळ्यात सीगल बोटीच्या मागे येतात, लोक गाठ्या आणि चिप्स टाकतात, पोरं खूश होतात. मागच्या महिन्यात एका बाईंनी सगळ्यांना झापलं. एवढं काय वाईट आहे त्यात? पक्षी उपाशी असतात म्हणूनच येतात ना? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : उपाशी नसतात. आयतं मिळतं म्हणून येतात. आणि त्या बाईंचं बरोबर होतं, सांगायची पद्धत कदाचित चुकली असेल.

यातले बरेच कुरव तपकिरी डोक्याचे असतात, लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांकाठी घरटी करणारे. एवढ्या लांबून येतात ते इथले मासे, खेकडे, किडे खायला. गाठ्या म्हणजे बेसन, तेल आणि मीठ. त्याने पोट भरतं पण परतीच्या प्रवासाला जे लागतं ते त्यातून मिळत नाही. शिवाय पॅकेटं पाण्यात जातात, पक्षी एकमेकांवर तुटून पडतात, बोटीच्या पत्र्याला, दोरांना धडकतात, आणि माणसाच्या हातातलं हिसकावायची सवय लागते ती वेगळीच.

पोरांना खूश करायचंय ना, मग हे करा. कुरव तसेही बोटीच्या मागे येतात, कारण बोटीमुळे पाणी ढवळतं आणि छोटे मासे वर येतात. पोरांना सांगा, डोळ्यांचा रंग बघून सांगा. हिवाळ्यात दोन जाती जवळपास सारख्या दिसतात, दोघांचंही डोकं पांढरं आणि कानामागे एक काळा डाग. पण मोठ्या झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखांच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, आणि पंखाची पुढची कड पांढरी, उडताना पाचरीसारखी चमकते. बोटीवरून ते इतके जवळ असतात की दुर्बीण नसली तरी दिसतं. दहा वर्षांचं पोरगं हे दोन फेऱ्यांत शिकतं आणि मग आख्ख्या बोटीला शिकवतं.

प्रश्न : बाय, मी दिवाडीचा. आमचं खाजन होतं, वडील कोरगुट करायचे. आता बांध फुटून खारं पाणी आत शिरलंय, शेत पडीक, चुडतीसारखी खारफुटी वाढलीय. पणजीचे लोक येतात, फोटो काढतात, म्हणतात किती छान, निसर्गाने परत घेतलं, पक्ष्यांना जागा झाली. मला ते पटत नाही पण मला उलट सांगता येत नाही. तुझं काय मत? (एक वाचक, दिवाडी)

उत्तर : काका, तुम्हाला जे पटत नाहीये ते बरोबर आहे, आणि या प्रश्नाला मी जरा जास्त जागा घेणार आहे, कारण बाहेरून येणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगतच नाही.

जे वाचक गोव्याचे नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन. भोवती मातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. दार लाकडी, आणि ते स्वतःच चालतं. नदीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार बंद होतं, नदी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. पावसाळ्यात पावसाचं पाणी मातीतलं मीठ धुऊन नेतं आणि त्या थोड्या खारट जमिनीत कोरगुटसारखं खारेपण सोसणारं भात येतं. कापणी झाली की दारातून हवं तेवढं खारं पाणी आत घेतात आणि सुंगटं म्हणजे कोळंबी, मासे वाढवतात. शेकडो वर्षांचं काम आहे हे, आणि दर वर्षी हाताने करत राहावं लागतं.

आता हिवाळी पक्ष्याच्या जागी बसून बघा. तो नोव्हेंबरमध्ये येतो तेव्हा कापणी झालेली असते. खुंटं आहेत, मोकळं आहे, चारी बाजूंनी लांबपर्यंत दिसतंय, म्हणजे ससाणा आला तर कळेल. पाणी एका ठिकाणी बोटभर, पुढे घोट्याइतकं, चरात गुडघाभर. चिखल्या बोटभर पाण्याच्या कडेला, टिलवे जरा आत, शेकाट्या त्याच्याही आत, बदकं चरात. एकाच शेतात सगळ्यांची सोय. आणि भरतीला नदीतला चिखल बुडाला की बसायला बांध. हे काही आपोआप झालेलं नाही, तुमच्या वडिलांनी पाणी किती आत घ्यायचं ते ठरवलं म्हणून झालं.

बांध फुटला की पहिली एक-दोन वर्षं खरंच पक्षी वाढल्यासारखे वाटतात, कारण अचानक मोठं उथळ पाणी मिळतं. फोटो काढणारे तेव्हाच येतात. पण मग खारफुटीची रोपं धरतात, भराभर वाढतात, आणि मोकळी जागा बंद होते. खारफुटी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माशांची पिल्लं तिच्यात वाढतात, बगळे तिच्यावर रात्र काढतात, नदीच्या लाटांपासून तुमचा बांधही तीच वाचवते. पण ती बांधाच्या बाहेर हवी. बांधाच्या आतही खारफुटी आणि बाहेरही खारफुटी झाली तर चिखल्यांनी, पाणलाव्यांनी, भोवत्यांनी, त्या मोठ्या ॲडज्युटंट करकोच्यांनी जायचं कुठे? त्यांना मोकळं शेत लागतं. खायला ते दाट झाडाझुडपांत उतरत नाहीत.

मानशीपाशी एकदा ओहोटीला उभे राहा, पाहुण्यांनाही तिथेच न्या. दार उघडतं तेव्हा आधी नुसता फेस येतो, मग पाण्याचा लोट, आणि त्याबरोबर चकाकणारे छोटे मासे. समुद्र बगळा आधीच येऊन थांबलेला असतो, पाटीसारख्या राखाडी रंगाचा, गळ्याखाली पांढरा. पाय काळपट आणि पंजे पिवळे. तो एक पंजा पुढे करून चिखलात थरथरवतो, मासा दचकून हलला की चोच. मग दोन पावलं धावतो, पंख अर्धवट उघडतो, पाण्यावर सावली पाडतो, परत चोच. वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतायत, दाराच्या लाकडावर छोटा खंड्या. एवढा सगळा पसारा त्या एका दारावर चालू असतो. दार कुजलं आणि बदललं नाही की हे बंद.

म्हणून पाहुणे परत आले की त्यांना सांगा, निसर्गाने परत घेतलं नाही, माणसांनी सोडून दिलं, आणि पक्ष्यांचं त्यात नुकसान आहे. आणि एक काम तुमच्या घरातल्या कोणा पोराला द्या. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, नोंद करताना नुसतं "दिवाडी" न लिहिता शेताचं नाव, बांध धड आहे की फुटलाय, पाणी किती आहे, हे टिपणात लिहायला सांगा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून चालू आहे, त्यातही तुमचं खाजन घ्या. बांध दुरुस्तीच्या बैठकीत "पक्षी कमी झाले" असं तोंडी सांगण्यापेक्षा चालू शेताची आणि पडीक शेताची यादी शेजारी शेजारी ठेवलेली बरी पडते.

पाहुण्यांना पण एक विनंती. बांध हा रस्ता नाही. कोणाचा तरी आहे, कोणीतरी तो राखतंय. विचारून जा, गाडी तर अजिबात नेऊ नका, आणि बांधावर खेकड्यांची बिळं उकरत बसू नका, तिथूनच पाणी वाट काढतं.

प्रश्न : पहिली दुर्बीण कुठली घेऊ? ऑनलाइन 20 पट, 30 पट अशा स्वस्तात दिसतायत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. बाकी काही बघू नका. वीस पटीची हातात धरली की हात हलतो तेवढंच सगळं हलतं, आणि फेरीबोटीवर तर इंजिनाच्या थरथरीत काहीच दिसत नाही. झूमवाली पण नको. चिखलावरचे लांबचे पक्षी बघायला पुढे कधीतरी ट्रायपॉडवरचा स्कोप लागेल, पण तो एखाद्या ग्रुपमध्ये एक असला तरी पुरतो. चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी कडा खाली करून बघा, पुष्कळ जण त्या तशाच वर ठेवतात आणि मग म्हणतात अर्धंच दिसतं.

प्रश्न : मी हौशी फोटोग्राफर आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर सीगलचा मोठा थवा उडताना फोटो हवाय. सगळे जण थव्यात धावत जातात आणि उडवतात, बाकी कसा मिळणार? ड्रोन वापरला तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : धावू नका आणि ड्रोन नको, अभयारण्यात तर परवानगीशिवाय तो विषयच नाही. का ते सांगते, नुसतं नको म्हणून तुम्हाला पटणार नाही.

मोरजीला शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूच्या पट्ट्यावर हे थवे बसतात. त्यात रशियाच्या पार उत्तरेच्या टुंड्रातून आलेले मोठे कुरव असतात, आणि पायाशी बारीक बारीक चिखल्या, ज्यांची एक जात तिबेटच्या पठारावर घरटी करते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. लांब पल्ल्याच्या काही जातींचं वजन निघण्याआधी जवळपास दुप्पट होतं. ते सगळं या चिखलातून, या वाळूतून, ओहोटीच्या मोजक्या तासांत गोळा करायचं असतं. त्यात सकाळपासून पहिला फोटोग्राफर, मग दुसरा, मग कुणाचा कुत्रा, मग वॉटर स्पोर्टवाले, असं दहा वेळा उठावं लागलं तर खाण्याचे तास गेले आणि साठवलेली चरबी उडण्यात गेली. तुम्ही एकदाच उडवलंत, पण त्यांना तो दिवसातला कितवा धक्का होता ते तुम्हाला कळत नाही.

फोटो मिळतो, फक्त भरतीचा हिशोब करा. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी वाळूच्या उंच भागापासून बरंच लांब जाऊन बसा, चक्क खाली बसा, पोटावर झोपलात तर आणखी चांगलं. हलू नका. पाणी चढत जाईल तसतशी बसायची जागा कमी होत जाईल आणि थवा स्वतःच तुमच्याकडे सरकेल. आणि उडण्याचा फोटो, तो तर समुद्री गरुड देतोच. पांढऱ्या पोटाचा गरुड किनाऱ्यावरून गेला की अख्खा थवा एका क्षणात वर, वळतो, खाली पांढरा आणि वर राखाडी असा रंग पालटतो आणि परत बसतो. त्यात भीती खरी असते, म्हणून फोटोही खरा येतो.

एक खूण लक्षात ठेवा. खाणं थांबवून सगळ्यांनी माना वर केल्या, काही जण डोकं झटकन वरखाली करायला लागले, की तुम्ही जवळ आलायत. तिथेच थांबा, हळू मागे सरका. आणि मोरजीला थंडीत कासवंही अंडी घालायला येतात, तर रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि फ्लॅश नको.

प्रश्न : आमच्या ऐरोलीला इतके फ्लेमिंगो येतात, चोडणला का नाही? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : क्वचित कधी चार-दोन चुकले-माकले येतात गोव्यात, पण तुमच्यासारखे थवे नाहीत. फ्लेमिंगोला प्रचंड मोठा सपाट चिखल लागतो, आणि छोटा फ्लेमिंगो तर मुख्यतः पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातो. ठाणे खाडीत हे दोन्ही भरपूर आहे. मांडवी तुलनेने अरुंद, काठ खारफुटीचे. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, तिथल्या सहा फ्लेमिंगोंना सॅटेलाइट टॅग लावले, आणि पावसाळ्यात पक्षी गुजरातकडे जातात हे नकाशावर दिसलं. तुमच्याकडे असताना त्यासाठी गोव्याला कशाला येताय, इथे आलात तर खंड्या आणि समुद्र बगळे बघा.

प्रश्न : ताई, मी सहावीत आहे. आमच्याकडे तोंडवळीच्या वाळूवर छोटे पक्षी एका पायावर उभे असतात. एकाचा पाय तुटलाय असं वाटलं म्हणून मी जवळ गेलो तर तो एका पायावर उड्या मारत पळाला! मग दुसरा पाय काढला आणि उडाला. असं का? (एक विद्यार्थी, मालवण)

उत्तर : अरे वा, तू छान बघितलंस! पाय तुटलेला नव्हता, पोटाच्या पिसांत लपवलेला होता. पक्ष्याच्या अंगावर पिसं असतात पण पाय उघडे असतात, आणि शरीरातली ऊब पायातून बाहेर जाते. एक पाय आत घेतला की पायातून जाणारी ऊब निम्मी वाचते. थोड्या वेळाने पाय बदलतो. पण आरामात असला की त्याला दुसरा पाय काढायचा कंटाळा येतो, म्हणून तुझ्यापासून लांब जायला तो लंगडी घालत गेला, आणि तू अजून जवळ गेलास तेव्हा उडाला.

आता तू एक काम कर. पुढच्या वेळी लांबूनच मोज, एका पायावर किती आणि दोन पायांवर किती. सकाळी गार वारा असताना मोज आणि दुपारी ऊन तापल्यावर मोज. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, सगळं वहीत लिही आणि मला पाठव. आणि कोणाच्या पायात धातूची कडी किंवा रंगीत झेंडीसारखी पट्टी दिसली तर रंग कोणता, कोणत्या पायात, वर काय लिहिलंय, ते नीट लिहून ठेव. पकडायचं नाही हं. मेलेला सापडला तरी हात लावायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं आणि कडीवरचा नंबर वाचायला सांगायचं. आपल्याकडच्या पुष्कळ कड्यांवर बीएनएचएसला कळवा असं इंग्रजीत लिहिलेलं असतं.

प्रश्न : मी मूळ वेंगुर्ल्याचा, कामाला मस्कतला. इथे किनाऱ्यावर हिवाळ्यात अगदी आपल्यासारखेच पक्षी दिसतात. तेच असतात का, की जाता जाता थांबतात आणि मग आपल्याकडे जातात? (एक वाचक, ओमान)

उत्तर : जाती पुष्कळशा त्याच, पण पक्षी बहुतेक वेगळे. उत्तरेकडून, सायबेरियातून, मध्य आशियातून निघालेले काही आपल्याकडे उतरतात, काही अरबी किनाऱ्यावर, काही त्याहून खाली आफ्रिकेत. तुमच्याकडे तर मसिरा बेटाच्या समोर बार अल हिकमान आहे, तिथल्या चिखलावर हिवाळ्यात लाखो पाणपक्षी असतात. सुट्टी मिळाली तर जाऊन या. तिथे क्रॅब प्लोव्हर बघा, पांढराशुभ्र, पाठ काळी, चोच जाड काळी, खेकडे फोडून खाणारा. आपल्या कोकण किनाऱ्यावर तो क्वचितच येतो आणि आला की सगळे पक्षीमित्र गाड्या काढतात, तुमच्याकडे थव्याने असतो. तो वाळूत बीळ करून अंडी घालतो, या गटातल्या पक्ष्यांत असं करणारा तो एकटाच.

भरतीचा हिशोब मात्र तिथे वेगळा, वेंगुर्ल्याची तिथी तिथे चालणार नाही, स्थानिक वेळापत्रक बघूनच निघा. आणि एखाद्या पक्ष्याच्या पायात पट्टी दिसली तर फोटोसकट इथे कळवा, पुढच्या अंकात घेऊ.